बेसबॉलमधला कॅचर किती धावा वाचवतो? फ्रेमिंग, ब्लॉकिंग आणि पॉप टाइमचं गणित सोप्या मराठीत

क्रिकेटमध्ये विकेटकीपरचं काम मोजायचं म्हटलं तर आपण काय बघतो? कॅच किती घेतले, स्टंपिंग किती केले आणि बाइज किती सोडल्या. बस्स. एखादा कीपर दिवसभर सफाईने चेंडू गोळा करत राहिला, तर त्याच्या नावापुढे काहीच लागत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये विकेटकीपरसारख्याच जागी बसणारा खेळाडू म्हणजे कॅचर. त्याचीही हीच अडचण होती. "तो टीमचा कणा आहे" असं सगळे म्हणायचे, पण कणा म्हणजे नक्की किती धावा, हे कोणालाच सांगता यायचं नाही. मग मैदानात कॅमेरे आले, प्रत्येक चेंडूचा मार्ग कॉम्प्युटरमध्ये साठू लागला आणि जे डोळ्यांना दिसत नव्हतं त्याचा हिशोब सुरू झाला. त्या हिशोबामुळे काही खेळाडूंची किंमत रातोरात वाढली, काहींची घसरली.

आजच्या लेखात आपण बघणार आहोत की हा हिशोब नेमका कसा होतो, त्यात कोणती टेक्नॉलॉजी वापरतात, तो कुठे कमी पडतो आणि तुम्ही तो तुमच्या मोबाइलवर फुकटात कसा बघू शकता. बेसबॉल अजिबात माहीत नसेल तरी चालेल, सुरुवात तिथूनच करूया.

## कॅचर नक्की काय करतो?

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. समोर बॅटर उभा असतो आणि त्याच्या शेजारी जमिनीवर १७ इंच रुंदीची पांढरी होम प्लेट असते. प्लेटच्या मागे उकिडवा बसलेला, अंगावर पॅड आणि तोंडावर जाळीचा मास्क असलेला माणूस म्हणजे कॅचर. त्याच्या पाठीमागे वाकून उभा असतो तो अंपायर.

चेंडू प्लेटच्या वरून आणि बॅटरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून गेला, तर तो 'स्ट्राइक'. या काल्पनिक चौकटीला स्ट्राइक झोन म्हणतात. बॅटरने बॅट फिरवली नाही आणि चेंडू चौकटीबाहेरून गेला, तर तो 'बॉल'. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट. चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. गोंधळ नको म्हणून या लेखात फेकलेल्या वस्तूला आपण 'चेंडू' म्हणू आणि अंपायरच्या निर्णयाला 'बॉल'.

कॅचरची मुख्य कामं चार:

१. चेंडू नीट झेलणं, म्हणजे सीमेवरचा चेंडू अंपायरला स्ट्राइक वाटेल असा घेणं. याला फ्रेमिंग म्हणतात.
२. जमिनीवर आपटलेला किंवा भरकटलेला चेंडू अंगाने अडवणं. हे ब्लॉकिंग.
३. रनर पुढचा बेस चोरायला धावला तर चेंडू फेकून त्याला आउट करणं. हे थ्रोइंग.
४. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे पिचरला सुचवणं. हे गेम कॉलिंग.

यातली पहिली तीन कामं आज बऱ्यापैकी मोजता येतात. चौथं अजूनही हुलकावणी देतं.

## जुने आकडे का फसवे होते?

आकडे आधीही होते, पण त्यांतून खरं चित्र दिसत नव्हतं.

फिल्डिंग परसेंटेज: मिळालेल्या संधींपैकी किती चुका न करता पार पाडल्या, याची टक्केवारी. यात गंमत अशी की तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू झेलला की आउट केल्याचं श्रेय कॅचरच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे जवळपास प्रत्येक कॅचरचा आकडा ९९ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच दिसतो. सगळेच मेरिटमध्ये आले, तर मेरिटला अर्थ काय?

पास्ड बॉल: कॅचरच्या हातून सुटलेला चेंडू. पण तो कॅचरची चूक की पिचरची, हे मैदानावरचा अधिकृत स्कोअरर ठरवतो. पिचरची चूक ठरली तर तोच चेंडू 'वाइल्ड पिच' होतो आणि कॅचर सुटतो.

कॉट स्टीलिंग परसेंटेज: बेस चोरायला निघालेल्यांपैकी किती जणांना पकडलं. इव्हान रॉड्रिगेझ या महान कॅचरने कारकिर्दीत जवळपास ४६ टक्के चोर पकडले आणि १३ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. हा आकडा उपयोगी आहे, पण अपुरा. पिचरने चेंडू टाकायला उशीर केला, तर कॅचर कितीही चपळ असला तरी रनर पोहोचतोच. आणि सेंट लुईस कार्डिनल्सच्या यादियर मोलिनासारख्या कॅचरसमोर रनर धावायचं धाडसच करत नसत. जो चोर आलाच नाही, त्याची नोंद या टक्केवारीत कुठे होणार?

कॅचर ईआरए: एखादा कॅचर मागे असताना पिचर सरासरी किती धावा देतात, तो आकडा. कल्पना चांगली आहे. पण टीमचा सगळ्यात भारी पिचर नेहमी एकाच कॅचरसोबत खेळत असेल तर त्या कॅचरचा आकडा आपोआप चकाचक दिसतो. श्रेय कुणाचं, हे वेगळं करता येत नाही.

या सगळ्या आकड्यांत एकच गोष्ट राहून जात होती: त्याच चेंडूवर, त्याच परिस्थितीत, एखादा सरासरी कॅचर असता तर काय झालं असतं? पुढचं सगळं गणित या एका प्रश्नावर उभं आहे, तेवढा लक्षात ठेवा.

## डेटा आला कुठून?

'त्याच चेंडूवर' असं म्हणायचं तर आधी तो चेंडू नेमका कुठून गेला हे माहीत हवं. ते काम सुरू केलं पिचएफएक्स या यंत्रणेने. स्पोर्टव्हिजन कंपनीची ही कॅमेरा सिस्टीम २००६ च्या शेवटच्या सामन्यांत पहिल्यांदा वापरली गेली आणि पुढच्या एकदोन वर्षांत मेजर लीग बेसबॉलच्या सगळ्या मैदानांवर पोहोचली. प्रत्येक चेंडूचा वेग, वळण आणि प्लेटवरची जागा नोंदवली जाऊ लागली. महत्त्वाचं म्हणजे हा डेटा लोकांसाठी खुला होता, त्यामुळे घरी लॅपटॉप घेऊन बसलेले हौशी लोकही त्यावर काम करू शकले.

२०१५ मध्ये स्टॅटकास्ट ही नवी यंत्रणा सगळ्या मैदानांवर आली. ती चेंडूसोबत खेळाडूंची हालचालही टिपते. २०२० पासून स्टॅटकास्ट हॉक-आय कॅमेऱ्यांवर चालते. हो, तेच हॉक-आय! क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूमध्ये चेंडू स्टंपला लागतोय का हे दाखवणारं. तिथे ते पायाला लागलेल्या चेंडूचा पुढचा मार्ग सांगतं, इथे प्लेटवरून गेलेल्या चेंडूची जागा.

## फ्रेमिंग म्हणजे काय?

दहावीच्या पेपरचं उदाहरण घ्या. दोन मुलांनी एकच उत्तर लिहिलंय, अर्धं बरोबर, अर्धं मोघम. एकाचं अक्षर सुवाच्य, दुसऱ्याचं कोंबडीच्या पायाचं. तपासणारे सर प्रामाणिक आहेत, पण शेकडो पेपर तपासताना सुवाच्य अक्षरवाल्याला अर्धा मार्क जास्त जातोच. उत्तर साफ चुकलेलं असेल तर अक्षर कितीही चांगलं असो, मार्क मिळत नाहीत. फायदा होतो तो काठावरच्या उत्तरात.

फ्रेमिंग म्हणजे कॅचरचं सुवाच्य अक्षर. ताशी ९०-९५ मैल वेगाचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटपर्यंत येतो. अंपायरला तेवढ्यात निर्णय घ्यायचा असतो. चौकटीच्या काठावरचा चेंडू झेलताना कॅचरचा हात बाहेरच्या बाजूला झटकला गेला, तर चेंडू बाहेरच होता असं वाटतं. हात स्थिर राहिला किंवा अलगद आत आला, तर तोच चेंडू स्ट्राइक वाटतो.

हे कौशल्य आहे हे खेळाडूंना आधीपासून माहीत होतं. पण ते किती मोठं आहे याचा अंदाज नव्हता. २००८ मध्ये डॅन टर्कनकॉफ याने पिचएफएक्सचा डेटा वापरून फ्रेमिंग मोजायचा सुरुवातीचा प्रयत्न केला. खरी खळबळ उडाली ती २०११ मध्ये, माइक फास्ट या विश्लेषकाच्या लेखाने. त्याच्या हिशोबात होजे मोलिना नावाचा कॅचर फक्त फ्रेमिंगच्या जोरावर १२० सामन्यांमागे सुमारे ३५ धावा वाचवत होता.

हा होजे म्हणजे यादियरचाच थोरला भाऊ. बेंजी, होजे आणि यादियर हे पोर्तो रिकोचे तिन्ही मोलिना भाऊ मेजर लीगमध्ये कॅचर म्हणून खेळले. तिघांत होजे सर्वात कमी प्रसिद्ध. कारकिर्दीतली बॅटिंगची सरासरी .२३३, म्हणजे यथातथाच. धावायला संथ. बरीच वर्षं तो राखीव कॅचर म्हणूनच बाकावर बसला. जुन्या आकड्यांत बघितलं तर असा खेळाडू कुणीही सहज बदलून टाकावा. पण फास्टचा लेख आला त्याच वर्षाच्या शेवटी टॅम्पा बे रेज या कमी बजेटच्या टीमने त्याला घेतलं आणि २०१२ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, मुख्य कॅचर म्हणून खेळवलं. कॅचरचे गुडघे त्या वयात सहसा निवृत्तीची भाषा बोलतात! माइक फास्टलाही पुढे ह्यूस्टन ॲस्ट्रोज टीमने नोकरी दिली.

नंतरच्या सुधारित मॉडेल्सनी फ्रेमिंगचे हे सुरुवातीचे मोठे आकडे थोडे खाली आणले. पण मुद्दा पक्का झाला होता.

## फ्रेमिंगचं गणित, टप्प्याटप्प्याने

आता स्टॅटकास्टची पद्धत बघूया.

टप्पा १: ज्या चेंडूंवर बॅटरने बॅट फिरवलीच नाही, फक्त तेच घ्यायचे. कारण निर्णय अंपायरचा असतो तो तिथेच.

टप्पा २: त्यातला 'शॅडो झोन' बघायचा. म्हणजे चौकटीच्या रेषेच्या आत साधारण एक चेंडू आणि बाहेर एक चेंडू एवढी पट्टी. मधोमध आलेला चेंडू कुणीही झेलला तरी स्ट्राइकच असतो. खरी लढाई या पट्टीत होते. इथे जवळपास निम्मे चेंडू स्ट्राइक दिले जातात.

टप्पा ३: सरासरी कॅचरला मिळाल्या असत्या त्यापेक्षा किती स्ट्राइक जास्त मिळाल्या ते काढायचं. यात मैदान आणि पिचर यांचा परिणाम वजा केला जातो.

टप्पा ४: प्रत्येक जादा स्ट्राइकला ०.१२५ ने गुणायचं. मिळालेलं उत्तर म्हणजे वाचवलेल्या धावा.

हे ०.१२५ कुठून आलं? समजा एक बॉल, एक स्ट्राइक अशी स्थिती आहे. पुढचा चेंडू स्ट्राइक दिला तर बॅटर आउट होण्यापासून एका स्ट्राइकवर येतो आणि घाबरून खेळतो. बॉल दिला तर पिचरवर दडपण येतं. या दोन वाटांनी पुढे सरासरी किती धावा होतात, हे लाखो चेंडूंच्या डेटातून काढता येतं. सगळ्या परिस्थितींची सरासरी धरली तर एका निर्णयाचा फरक सुमारे एक अष्टमांश धाव इतका येतो. ऐकायला क्षुल्लक, पण असे चेंडू रोज डझनाने येतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कॅचरने हंगामात शॅडो झोनमधले २,५०० चेंडू झेलले. सरासरी कॅचरला ४७ टक्के, म्हणजे १,१७५ स्ट्राइक मिळाल्या असत्या. याला ५१ टक्के, म्हणजे १,२७५ मिळाल्या. जादा स्ट्राइक १००. गुणिले ०.१२५ म्हणजे १२.५ धावा. बेसबॉलमध्ये साधारण १० धावा म्हणजे एक विजय असं समीकरण मानतात. म्हणजे या पठ्ठ्याने नुसत्या मनगटाच्या जोरावर टीमला हंगामात एकाहून जास्त सामने जिंकून दिले.

## श्रेय कॅचरचं की पिचरचं?

इथे तुमच्या मनात शंका येईल, आणि ती योग्य आहे. पिचरच इतका अचूक असेल की चेंडू बरोब्बर काठावर टाकतो, तर? अंपायरच ढिला असेल तर?

यावरची पहिली युक्ती सोपी आहे. टॉम टँगो या संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने ती मांडली. एकच पिचर घ्या. 'अ' कॅचर मागे असताना त्याला किती स्ट्राइक मिळाल्या आणि बाकीचे कॅचर असताना किती, याची तुलना करा. मग दुसरा पिचर, तिसरा पिचर, असं करत सगळ्यांची बेरीज घ्या. 'तो असताना आणि नसताना' अशी ही तुलना.

पण एखाद्या जोडीचे एकत्र सामने कमी असतील तर ही तुलना डळमळते. म्हणून २०१५ मध्ये बेसबॉल प्रॉस्पेक्टस या प्रकाशनासाठी जोनाथन जज, हॅरी पाव्हलिडिस आणि डॅन ब्रूक्स यांनी मिक्स्ड मॉडेल वापरलं. यात पिचर, कॅचर, अंपायर, बॅटर या सगळ्यांचा वाटा एकाच वेळी काढला जातो. ज्याचे चेंडू कमी आहेत त्याचा आकडा मॉडेल सरासरीकडे ओढून ठेवतं. म्हणजे दोन सामन्यांत चमकलेल्याला लगेच डोक्यावर घेत नाही. ऑनलाइन खरेदी करताना तीनच रिव्ह्यू असलेल्या ५ स्टारपेक्षा हजार रिव्ह्यू असलेल्या ४.६ स्टारवर आपण जास्त विश्वास ठेवतो ना? तसंच.

अंपायरची सवयही लक्षात घ्यावी लागते. तीन बॉल, शून्य स्ट्राइक असताना अंपायरची चौकट नकळत मोठी होते आणि शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना लहान. माणूसच आहे तो. शेवटचा घाव घालायला हात थोडा कचरतो.

## ब्लॉकिंग कसं मोजतात?

तिसऱ्या बेसवर रनर उभा आहे. पिचरचा चेंडू प्लेटआधीच मातीत आपटला. तो कॅचरला चुकवून मागे गेला तर रनर चालत येऊन धाव करेल. कॅचर गुडघ्यांवर पडतो आणि छाती पुढे करून चेंडू अंगावर घेतो. टाळ्या फारशा पडत नाहीत, अंगावर निळे डाग मात्र पडतात.

स्टॅटकास्ट प्रत्येक चेंडूसाठी आधी शक्यता काढतं: हा चेंडू मागे निघून जायची शक्यता किती? त्यात चेंडूची जागा, वेग, वळण, कॅचर कुठे बसला होता, पिचर आणि बॅटर डावखुरे की उजवे हे सगळं येतं. समजा शक्यता ३० टक्के होती आणि कॅचरने चेंडू अडवला, तर त्याला ०.३ गुण. सुटला तर उणे ०.७. सोपा चेंडू सोडला तर दणका मोठा, अवघड सुटला तर लहान. पास्ड बॉल की वाइल्ड पिच हा स्कोअररचा वादच मिटला. शेवटी अशा प्रत्येक जादा अडवलेल्या चेंडूची किंमत सुमारे पाव धाव धरतात.

## पॉप टाइम: दोन सेकंदांचा खेळ

आता बेसचोरी. होम प्लेटपासून दुसरा बेस सुमारे १२७ फुटांवर, म्हणजे जवळजवळ ३९ मीटरवर असतो. चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये लागल्यापासून त्याने फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. मेजर लीगची सरासरी साधारण २.० सेकंद. जे. टी. रिअलम्युटोसारख्या सर्वोत्तम कॅचरचा पॉप टाइम १.९ सेकंदांच्या आसपास राहिला आहे.

०.१ सेकंदाने काय फरक पडतो? मेजर लीगमधला सरासरी खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला २७ फूट पळतो. म्हणजे ०.१ सेकंदात २.७ फूट. बेसवर सुखरूप पोहोचणं आणि हातभर आधी आउट होणं, यातलं हेच अंतर.

पॉप टाइमचे दोन भाग आहेत: ग्लव्हमधून चेंडू काढून हात मागे नेईपर्यंतची चपळाई आणि फेकीचा वेग. काही कॅचरचा हात तोफेसारखा असतो पण चेंडू काढायला वेळ लागतो, काहींचं उलटं.

पण पॉप टाइम म्हणजे निकाल नाही. म्हणून स्टॅटकास्ट इथेही शक्यता काढतं: रनर किती वेगवान होता, चेंडू सुटला तेव्हा दुसऱ्या बेसपासून किती दूर होता, चेंडू कुठे आला, पिचर डावखुरा होता का. सरासरी कॅचरने अशा रनरला किती वेळा पकडलं असतं, त्यापेक्षा याने किती जास्त पकडले तो आकडा काढायचा आणि ०.६५ ने गुणायचं. पिचरच्या आळशीपणाची शिक्षा आता कॅचरला मिळत नाही.

हे २०२३ नंतर जास्तच महत्त्वाचं झालं. त्या वर्षी बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिचरवर घड्याळ लावलं आणि रनरला मागे रोखण्याच्या त्याच्या प्रयत्नांवर मर्यादा घातली. २०२२ मध्ये २,४८६ यशस्वी बेसचोऱ्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये ३,५०३. जुन्या टक्केवारीने बघितलं तर सगळे कॅचर एका वर्षात बिघडले असं वाटेल. बदलले होते ते नियम.

## सगळी बेरीज किती?

आपला काल्पनिक कॅचर पुन्हा घेऊ:

- फ्रेमिंग: १०० जादा स्ट्राइक × ०.१२५ = १२.५ धावा
- ब्लॉकिंग: ८ जादा अडवलेले चेंडू × ०.२५ = २ धावा
- थ्रोइंग: ६ जादा पकडलेले रनर × ०.६५ = ३.९ धावा

एकूण १८.४ धावा, म्हणजे जवळपास दोन विजय. बघा, सगळ्यात नेत्रदीपक दिसते ती फेक, पण सगळ्यात मोठा वाटा आहे तो कुणाला न दिसणाऱ्या फ्रेमिंगचा.

फॅनग्राफ्स या वेबसाइटने २०१९ मध्ये फ्रेमिंग आपल्या 'वॉर' या एकत्रित आकड्यात घेतलं. एखाद्या खेळाडूमुळे टीमला किती जादा विजय मिळाले, ते 'वॉर' सांगतो. परिणाम काय झाला? ब्रायन मॅककॅन या कॅचरच्या कारकिर्दीचा हिशोब फ्रेमिंग न धरणाऱ्या बेसबॉल रेफरन्सवर ३२ विजयांच्या आसपास आहे, तर फॅनग्राफ्सवर ५० च्या वर. माणूस तोच, सामने तेच. एका कौशल्याला आकडा दिला की चित्र एवढं बदलतं. म्हणून कुठेही 'वॉर' बघितलात तर आधी विचारा: यात फ्रेमिंग धरलंय का?

## जे अजून मोजता येत नाही

गेम कॉलिंग. कॅचरने कोणता चेंडू सुचवला, याचा धावांवर परिणाम असणारच असं सगळ्यांना वाटतं. पण बोट ठेवून दाखवणं कठीण आहे. पिचर सूचना नाकारू शकतो, कधी कधी चेंडू कोणता टाकायचा हे बाकावरचे कोचच ठरवतात, आणि चेंडू चांगला सुचवूनही पिचरने चुकीच्या जागी टाकला तर? कीथ वूलनरने या विषयावर केलेल्या गाजलेल्या अभ्यासात कॅचरनुसार मोठा, टिकाऊ फरक सापडला नव्हता.

याचा अर्थ ते कौशल्य नाहीच असा होत नाही. फ्रेमिंगबद्दलही २००७ च्या आधी पुरावा नव्हता. जेफ मॅथिस या कॅचरची बॅटिंग सरासरी अवघी .१९४ होती, तरी तो १७ हंगाम मेजर लीगमध्ये टिकला. इतक्या वर्षांत इतक्या टीम्सनी त्याला घेतलं, ते मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्ही गुणांसाठी.

## रोबोट अंपायर आला तर?

आता खरा पेच. ज्या कॅमेऱ्यांनी फ्रेमिंगची किंमत दाखवली, तेच कॅमेरे ती पुसूही शकतात. चेंडू चौकटीतून गेला की नाही हे मशीनच सांगणार असेल, तर सुवाच्य अक्षराचा उपयोग काय? मशीन अक्षर बघत नाही, उत्तर बघतं.

दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ पासून स्ट्राइक-बॉलचे सगळे निर्णय मशीनकडे दिले. तिथे फ्रेमिंगची किंमत जवळपास शून्यावर आली. मेजर लीगने मधला मार्ग घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार २०२६ च्या हंगामापासून निर्णय अंपायरच देणार, पण प्रत्येक टीमला सुरुवातीला दोन चॅलेंज मिळणार. चॅलेंज बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. आपल्या डीआरएससारखंच! फक्त इथे कॅप्टन नाही, तर बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटून लगेच चॅलेंज घ्यायचं. बाकावरून इशारा चालत नाही.

म्हणजे फ्रेमिंग संपलं नाही, कारण बहुतेक चेंडूंवर कोणी चॅलेंज घेणारच नाही. उलट कॅचरला नवं काम मिळालं: कुठला चेंडू चॅलेंज करायचा हे ओळखणं. २०२५ च्या सराव सामन्यांत घेतलेल्या चाचणीत कॅचरची ५६ टक्के चॅलेंज बरोबर निघाली, बॅटरची ५० टक्के आणि पिचरची ४१ टक्के. चौकट सगळ्यात चांगली कुणाला कळते, हे पुन्हा एकदा आकड्यांनीच सांगितलं.

तरी पॅट्रिक बेलीसारख्या खेळाडूंसाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळताना त्याने २०२४ चा गोल्ड ग्लव्ह जिंकला. बॅटिंग साधारण, पण फ्रेमिंगमध्ये अव्वल. उद्या पूर्ण मशीन आलं तर अशा खेळाडूच्या मूल्याचा मोठा भाग एका सॉफ्टवेअर अपडेटने जाऊ शकतो.

## हे आकडे मोबाइलवर कसे बघायचे?

१. ब्राउझरमध्ये 'बेसबॉल सॅव्हंट' सर्च करा. ही मेजर लीगचीच वेबसाइट आहे, लॉगिन किंवा पैसे लागत नाहीत.
२. मेनूमधून लीडरबोर्ड्समध्ये जा. कॅचरसाठी फ्रेमिंग, ब्लॉकिंग, थ्रोइंग आणि पॉप टाइम अशा वेगळ्या याद्या दिसतील.
३. कॅचरच्या नावावर टॅप केलं की त्याचं पान उघडतं. तिथे रंगीत पट्ट्या असतात. लाल म्हणजे इतरांपेक्षा चांगला, निळा म्हणजे कमजोर. ९० आकडा असेल तर तो ९० टक्के खेळाडूंच्या पुढे आहे.
४. टेबल मोठं असेल तर फोन आडवा धरा, कॉलम नीट दिसतात.
५. पायथन शिकत असाल तर हाच डेटा डाउनलोड करता येतो. त्यासाठी पायबेसबॉल नावाची मोफत लायब्ररी आहे. कॉलेज प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर यापेक्षा स्वच्छ आणि मोठा खेळाचा डेटा सहज मिळणार नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्रेमिंग म्हणजे फसवणूक आहे का?
नियमात त्यावर बंदी नाही. पण बॅटरच्या बाजूने बघितलं तर चौकटीबाहेरच्या चेंडूवर त्याला स्ट्राइक मिळते, ही तक्रार खरी आहे. चॅलेंज पद्धत आली ती त्यामुळेही.

दहा सामन्यांतले आकडे बघून कॅचर चांगला की वाईट ठरवता येईल का?
फ्रेमिंगमध्ये चेंडू खूप असतात, त्यामुळे अंदाज लवकर येतो. बेसचोरीचे प्रसंग फार कमी असतात, तिथे पूर्ण हंगाम तरी बघावा.

दोन वेबसाइटवर एकाच कॅचरचे आकडे वेगळे का दिसतात?
मॉडेल वेगळं, काय धरलं आणि काय सोडलं ते वेगळं. म्हणून एका साइटवरच्या आकड्यांची तुलना त्याच साइटवरच्या इतर कॅचरशी करा.

## थोडक्यात

कॅचरचं काम मोजायची सगळी टेक्नॉलॉजी शेवटी एकच प्रश्न विचारते: याच्या जागी सरासरी कॅचर असता तर काय झालं असतं? कॅमेरा परिस्थिती सांगतो, मॉडेल सरासरी सांगतं, आणि उरलेला फरक तो त्या खेळाडूचा. त्या फरकामुळेच होजे मोलिनासारखा बाकावरचा माणूस सदतिसाव्या वर्षी मुख्य कॅचर झाला.

पुढच्या वेळी बेसबॉलची एखादी क्लिप फोनवर आली, तर पिचरकडे न बघता कॅचरच्या ग्लव्हकडे बघा. चेंडू लागल्यावर तो ग्लव्ह हलतो का, किती हलतो आणि कुठल्या दिशेने, एवढंच टिपा. काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा, आणि क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेल्या तुमच्या मित्राला हा लेख नक्की पाठवा!